विज्ञानपटांतील पडदे खऱ्या यंत्रांना वाट दाखवतात का?

टिळकवाडीकर (चर्चाप्रस्ताव): माझे म्हणणे असे की, यंत्रांचे इंटरफेस, म्हणजे माणूस ज्यांच्याद्वारे यंत्र चालवतो ते पडदे आणि बटणे, घडवणाऱ्यांनी विज्ञानपट ही निव्वळ करमणूक न मानता तो कच्चा आराखडा मानावा. २००२ च्या ‘मायनॉरिटी रिपोर्ट’मध्ये नायक हवेत हात फिरवून चित्रे सरकवतो. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये घडलेले जॉन अंडरकॉफ्लर त्या चित्रपटाचे विज्ञान सल्लागार होते आणि पुढे त्यांनीच तशी यंत्रणा प्रत्यक्षात आणणारी कंपनी उभारली. म्हणजे प्रयोगशाळेतली कल्पना पडद्यावर गेली आणि तिथून लोकांची मागणी घेऊन परत आली.

उद्यमबागेतला कारागीर: ती मागणी आमच्या शॉपमध्ये कोणी केलेली नाही. हात खांद्याच्या उंचीवर धरून थोडा वेळ काम करून पाहावे, म्हणजे खांदे कसे भरून येतात ते कळेल. आम्ही सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापणी यंत्रावर, कास्टिंगचे (ओतीव भागांचे) जॉब काढतो. कूलंटने माखलेल्या बोटांनी, नजर टूलवरून न हलवता, फीडचा (कापण्याच्या सरकवेगाचा) नॉब दोन खटके मागे घेता येतो, कारण खटका बोटाला कळतो. आणि इमर्जन्सीचे तांबडे बटण तर तळहाताने नुसते थापटले तरी दबते. चित्रपटातला पडदा प्रेक्षकाला दिसावा म्हणून असतो, चालवणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे. २०१७ मध्ये अमेरिकेची ‘जॉन एस. मॅकेन’ ही युद्धनौका सिंगापूरजवळ टँकरला धडकून दहा खलाशी दगावले. चौकशीत टचस्क्रीनवरील नियंत्रणांचा गोंधळ पुढे आला आणि नौदलाने थ्रॉटल, म्हणजे नौकेच्या वेगाचे नियंत्रण, पुन्हा हाताच्या दांड्यांवर नेण्याचे ठरवले.

खानापूरची वाचक: आराखडा म्हणण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९८७ च्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतले गुळगुळीत, बटणे नसलेले फलक मायकेल ओकुडा यांनी आखले ते मुख्यतः खर्च वाचावा म्हणून. छापील फलकामागे दिवा लावला की काम भागत असे. शिवाय त्या मालिकेतल्या अंतराळयानाचा संगणक प्रत्येकाचे बोलणे पहिल्याच झटक्यात समजतो. आमच्या घरी मराठीत सुरू झालेले वाक्य बऱ्याचदा कन्नडमध्ये संपते आणि फोन तिथेच अडतो. आजी मात्र आपलेच काही चुकले असे समजून अधिक मोठ्याने बोलू लागते.

टिळकवाडीकर: कारागीरसाहेब, नौकेच्या अपघातात अपुरे प्रशिक्षणही होते, त्याचे खापर विज्ञानपटांवर फोडणे बरे नव्हे. अमेरिकी अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी १९४५ मध्ये ‘मेमेक्स’ नावाचे, कागदपत्रे साठवून एकमेकांशी जोडणारे, कधीच न बांधले गेलेले टेबल कल्पिले; ते वाचून भारावलेले संगणक संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ मध्ये माउस आणि पडद्यावरचे दुवे जगासमोर चालवून दाखवले. ही कल्पनेचीच कमाई नव्हे काय?

उद्यमबागेतला कारागीर: आहे, पण बुश यांची कल्पना निबंधातली होती. टेबलाशी बसलेला माणूस काय शोधतो, कोणता खटका ओढतो, हे त्यांनी लिहिले. तो कॅमेऱ्यात कसा दिसेल याची त्यांना फिकीर नव्हती. असा आराखडा कोणी आणला, तर मी तो जरूर पाहीन.