अनुभव धागा: नाशिकमध्ये छोट्या धंदेवाल्यांचे बिझनेस कोच म्हणून सुरुवात करताना

धागाकर्ती

नाशिकमध्ये ‘बिझनेस कोच’ अशी पाटी लावणारे आता बरेच झालेत. कोणी कंपनीतून व्हीआरएस घेऊन, कोणी बँकेतून, कोणी शनिवार-रविवारचा एखादा कोर्स करून. मीही नोकरी सोडायच्या बेतात आहे, तेव्हा हा धागा थोडा स्वार्थीच समजा.

यशोगाथा नकोत, त्या रोज मोबाईलवर दिसतात. पैसे देणारा पहिला क्लायंट कुठून आला, फी कशी सांगितली, आणि कोच म्हणून आत गेल्यावर प्रत्यक्षात काय काम करावं लागलं, ते लिहा. ज्यांनी कोच लावला होता त्या मालकांनीही लिहा. फक्त क्लायंटचं आणि दुकानाचं नाव टाळा. इथे नुसती गल्ली सांगितली तरी माणूस ओळखू येतो.

सातपूरचा_सुपरवायझर

मी एका मोठ्या कारखान्यात व्हेंडर डेव्हलपमेंटला होतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या युनिटवाल्यांकडून पार्ट करून घ्यायचे आणि रिजेक्शन आलं की त्यांच्यावर ओरडायचं, हे काम. नोकरी संपल्यावर हेच लोक माझे क्लायंट झाले. ओळख होती म्हणून सोपं गेलं असेल असं सगळे म्हणतात. उलट आहे. काल रेट पाडून मागणारा माणूस आज तुमच्या बाजूने बोलायला लागला, तर तुम्ही तरी लगेच हिशेबाची फाईल उघडाल का?

शेवटी एकाने उघडली. दोन व्हीएमसी (धातू कापून पार्ट काढणारी संगणकी मशिनं), जॉबवर्कवर, म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट मजुरीवर करून देण्यावर, चालणारं युनिट. तक्रार अशी की मशिन रिकामं नाही, माणसं दोन पाळ्यांत राबतात, तरी बँकेची सीसी लिमिट (रोजच्या खर्चासाठी उचलायच्या कर्जाची मर्यादा) कायम भरलेली. मी त्यांना एका मशिनचा वर्षाचा खर्च कागदावर मांडायला लावला. मशिन ३० लाखांचं, दहा वर्षांत वसूल धरलं तर घसारा ३ लाख. व्याज २ लाख. दोन पाळ्यांचे ऑपरेटर ५ लाख. वीज २ लाख ४० हजार. टूल आणि मेंटेनन्स २ लाख. शेडभाडं, सुपरवायझर, चहापाणी यातला या मशिनचा वाटा २ लाख ६० हजार. एकूण १७ लाख.

आता तास. मालकांनी १६ तास गुणिले ३०० दिवस, म्हणजे ४८०० तास धरले होते. त्याने ताशी ३५४ रुपये पडतात, म्हणून ते ४०० चा रेट देऊन खूश होते. पण सेटिंग, टूल बदलणं, मटेरियलची वाट पाहणं, लाईट जाणं, ऑपरेटर न येणं हे सगळं वजा केलं तर मशिन चिप काढत, म्हणजे प्रत्यक्ष धातू कापत, असतं ते पासष्ट टक्के वेळ. म्हणजे ३१२० तास. खरा खर्च ताशी साधारण ५४५ रुपये. जितकं जास्त काम, तितकी जास्त खोट.

यात कोचिंग कुठे आहे असं कोणी विचारेल. मी त्यांना रेट वाढवा असं एकदाही म्हटलं नाही. ‘मशिन नक्की किती तास चालतं?’ एवढंच विचारत राहिलो आणि ऑपरेटरला मशिनशेजारी एक वही ठेवायला लावली. आकडा त्यांच्याच वहीतून आला म्हणून पटला. मी सांगितला असता तर ‘साहेब, कंपनीतलं गणित इथे चालत नाही’ ऐकावं लागलं असतं. पुढे त्यांनी रेट वाढवला नाही, सेटिंगला वेळ खाणारी छोट्या लॉटची कामं सोडली. तो निर्णय त्यांचा, आणि माझ्या डोक्यात होता त्यापेक्षा बरा.

एक इशारा. नवे कोच एमएसएमईच्या (छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्यातल्या) ४५ दिवसांच्या नियमावर फार जोर देतात. कायदा २००६ चा आहे. लेखी करार असला तरी माल घेणाऱ्याने छोट्या पुरवठादाराला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३-२४ पासून थकवलेली रक्कम माल घेणाऱ्याला आयकरात त्या वर्षी खर्चातही धरता येत नाही. कागदावर हे जबरदस्त आहे. पण ज्याची सत्तर टक्के ऑर्डर एकाच पार्टीकडून येते त्याला ‘तक्रार करा’ म्हणणं म्हणजे धंदा बंद करा म्हणणं. आधी दुसरी पार्टी उभी करू द्या.

हिशेबवाली

मी बँकेत कर्ज विभागात होते. कॉलेज रोडला एका बुटिकवाल्या ताईंकडे पहिल्यांदा गेले तर पहिलाच प्रश्न आला, ‘मॅडम, तुमचा स्वतःचा धंदा कधी होता का?’ हा प्रश्न तुम्हालाही येणारच. मी म्हटलं, नव्हता, पण बुडालेल्या धंद्यांच्या फायली खूप वाचल्यात. त्या हसल्या आणि चहा मागवला.

त्यांचं दुखणं दिवाळीनंतरच्या सेलमध्ये होतं. त्या मालावर २५ टक्के चढवायच्या आणि सेलला २० टक्के सूट द्यायच्या. मनात हिशेब असा की पाच टक्के तरी सुटतात. १०० चा ड्रेस १२५ ला लावला, त्यावर २० टक्के सूट म्हणजे २५ रुपये. परत १००. भाडं, शिलाईवाल्या मुलींचा पगार, पिशवी, सगळं घरातून. बीकॉम झालेल्या बाई आहेत, हे गणित त्यांना येत नाही असं नाही. दुकानात उभं राहिल्यावर ते करायला कोणी थांबत नाही, इतकंच.

फीबद्दल. तासावर फी घेऊ नका. तासावर घेतली की समोरचा घड्याळ बघतो आणि मुख्य गोष्ट उठता उठता दारात सांगतो. मी तीन महिन्यांचं ठरवते, निम्मे पैसे आधी. ‘आधी फायदा होऊ द्या, मग टक्केवारी देतो’ असं म्हणणारे बरेच भेटतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणावं. फायदा कशाला म्हणायचं यावरच पुढे वाद होतो.

फरसाणवाला_नारोड

मी क्लायंटच्या बाजूने लिहितोय. नाशिकरोडला आमचं फरसाणाचं दुकान, आजोबांपासूनचं. कोच मी लावला, फी मात्र अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, गल्ल्यातून जायची. अण्णांचं म्हणणं, ‘पैसे देऊन अक्कल विकत घ्यायची तर सीए आहे की.’

याआधी एक जण येऊन गेले होते. त्यांनी आम्हाला व्हिजन लिहायला लावलं. अण्णांनी लिहिलं, ‘तेल स्वस्त व्हावं.’ ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

नंतरचे सर वेगळे. पहिले काही आठवडे ते माझ्याशी कमी आणि अण्णांशी जास्त बोलले. सकाळी भट्टी पेटते तेव्हा येऊन बसायचे. अण्णांना विचारायचे, कुठला माल कधीपासून करता, कोणतं गिऱ्हाईक जुनं, तुमच्या वडिलांनी उधारी का बंद केली. मला राग यायचा, की फी मी ठरवली आणि गप्पा यांच्या. पण महिनाभराने अण्णा स्वतःच म्हणाले की लसूण शेव आणि भावनगरी सोडून बाकीच्यात काही सुटत नाही, नुसता ट्रे भरलेला दिसावा म्हणून करतो. हेच मी दोन वर्षं सांगत होतो आणि त्यावरून घरात जेवणं थंड होत होती.

सरांनी एकच शिस्त लावली. दुकानातून घरी जाणारा पैसा, मग तो भाजीचा असो की लग्नाच्या आहेराचा, वहीत वेगळ्या रकान्यात लिहायचा. आईलाही महिन्याची ठरावीक रक्कम. यावरून काय झालं ते इथे लिहीत नाही, आई हा धागा वाचू शकते.

नवीन कोचना माझं सांगणं: फोन मुलाचा येतो, पण घरातला निर्णय कोणाकडे आहे ते पहिल्या दिवशी बघा.

निफाडची_सून

मी लग्नाआधी पुण्यात एका कंपनीत सेल्स प्लॅनिंगला होते. इकडे पिंपळगाव, दिंडोरी भागातल्या कृषी सेवा केंद्रवाल्यांबरोबर काम करते. शहरातले कोच महिन्याच्या टार्गेटची शीट घेऊन येतात, ती इथे ऑक्टोबरमध्येच कोसळते. कारण इथला महिना कॅलेंडरचा नसतो, द्राक्षबागेचा असतो.

एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर औषधं, खतं, संजीवकं असा सगळा माल उधारीवर उचलला जातो. माल तोडायला येतो चार-साडेचार महिन्यांनी. व्यापारी पैसे देणार, मग शेतकरी दुकानदाराचे देणार. मध्ये अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की सगळं पुढे ढकललं. त्यात परप्रांतीय व्यापारी माल घेऊन गायब होण्याचे प्रकार आमच्या जिल्ह्यात दर हंगामात ऐकू येतात. शेतकऱ्याचे बुडाले की दुकानदाराचेही अडकले. तिकडे कंपनी मात्र रोखीने बिल भरणाऱ्यालाच चांगली स्कीम देते.

अशा माणसाला ‘उधारी बंद करा’ हा सल्ला देणारा दुसऱ्यांदा दुकानाची पायरी चढत नाही. मी एका केंद्रचालक भाऊंबरोबर बसून त्यांची उधारीची यादी वेगळ्या पद्धतीने मांडली. नावापुढे किती दिवस झाले हे नाही, तर किती एकर, कोणता वाण, छाटणीची तारीख, माल कोणाला देणार. तारीख कळली की तोडणी कधी हे कळतं, म्हणजे वसुलीला कोणत्या आठवड्यात जायचं तेही कळतं. पैसे हातात येतात त्या दोन-तीन दिवसांत दुकानदार समोर असला तर मिळतात. नंतर ते बँकेत, लग्नात, ट्रॅक्टरच्या हप्त्यात जातात.

मग त्यांनीच एकरी उधारीची मर्यादा ठरवली. जवळच्या भावकीलाही तीच. हे सर्वांत अवघड होतं आणि त्यात माझा उपयोग एवढाच की ‘मॅडमनी नियम केलाय’ म्हणून ते बोट माझ्याकडे दाखवू शकले. कोचने कधी कधी वाईटपणा घेण्यासाठी आपलं नाव वापरू द्यावं. फीमध्ये तेही धरा, हे अर्धं गमतीत म्हणते.

माझी स्वतःची फीसुद्धा मी या लोकांकडून मार्चनंतर घेते. पुण्याच्या मैत्रिणी वेड्यात काढतात.

गोदाकाठ

थोडक्यात लिहितो. सध्या माझ्याकडे येणारा प्रत्येक दुसरा माणूस २०२७ च्या सिंहस्थाबद्दल विचारतो. पंचवटीत लॉज वाढवू का, मजला चढवू का, खानावळ काढू का. माझा एकच उलट प्रश्न: २०१५ च्या सिंहस्थानंतरच्या वर्षी तुमच्या किती खोल्या भरत होत्या? पर्वण्या मोजक्या दिवसांच्या, कर्जाचा हप्ता सात-दहा वर्षांचा. साधं वर्ष धरून हप्ता फिटत असेल तर बांधा. मजला कशाला, गाद्या भाड्याने आणा असं एकाला त्याच्या बायकोनेच सांगितलं. माझ्यापेक्षा चांगला कोच घरातच होता.

प्रमाणपत्रधारी

सर्टिफिकेटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मी आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पातळीच्या मागे आहे. त्याला किमान ६० तासांचं प्रशिक्षण, प्रत्यक्ष कोचिंगचे १०० तास आणि १० तास मेंटॉरबरोबर लागतात. पुढच्या पातळीला १२५ तास प्रशिक्षण आणि ५०० तास कोचिंग. सातपूर-अंबडच्या एकाही मालकाने मला ते विचारलेलं नाही. तरी फायदा होतो. तीस वर्षं इतरांना कामं सांगण्यात गेल्यावर समोरच्याचं पूर्ण ऐकायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

मात्र वरचे अनुभव वाचून वाटतं, यातलं निम्मं काम शुद्ध कोचिंगच्या (नुसते प्रश्न विचारून समोरच्यालाच उत्तर शोधू द्यायच्या) व्याख्येत बसत नाही, सल्लागाराचं आहे. माझे प्रशिक्षक नाक मुरडतील. ज्याला पुढच्या शनिवारी पगार वाटायचे आहेत त्याला ‘तुम्हाला काय वाटतं?’ किती वेळा विचारणार? मी आता सुरुवातीलाच सांगून टाकतो की आज मी विचारणार आहे की सांगणार आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, विशेषतः निफाडच्या ताईंचे. एक रुक्ष प्रश्न राहिला. जीएसटी घ्यायचा का लगेच? आणि लेखी करार करता का?

हिशेबवाली

सेवेसाठी वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी घेतली की फीवर १८ टक्के लावावे लागतात, म्हणजे १० हजारांचे ११,८०० होतात. कारखानदाराला त्याचं क्रेडिट मिळतं (तेवढा कर त्याच्या स्वतःच्या जीएसटीतून वजा होतो), त्याला फरक पडत नाही. कंपोझिशनमधल्या (उलाढालीवर ठोक दराने जीएसटी भरणाऱ्या) किंवा नोंदणीच नसलेल्या दुकानदाराला ते मिळत नाही, त्याच्यासाठी तुम्ही सरळ महाग होता. तुमचे क्लायंट कोणते, त्यावर ठरवा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र करून टाका, ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणाऱ्या एजंटांच्या वेबसाइटी हुबेहूब तशाच दिसतात, पत्ता नीट बघा.

करार एका पानाचा, मराठीत. भेटी महिन्यातून किती, फी कधी, मधेच थांबलो तर काय, आणि त्यांचे आकडे मी कोणाला दाखवणार नाही हे. शेवटचं कलम सगळे मोठ्याने वाचतात.

सातपूरचा_सुपरवायझर

त्यात एक ओळ वाढवा. शेजारच्या गाळ्यातल्या त्याच धंद्यातल्या माणसाचं काम तुम्ही त्याच वेळी घेणार की नाही, हे. अंबडला हा प्रश्न पहिल्याच चहाला निघतो.