तीन रविवार, अकरा फ्लॅट आणि वॉचमनचे पाच हजार

चावीवाला

कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात १४ वर्षं भाड्याची आणि रिसेलची कामं करतोय. लग्नाच्या पंगतीत कुणी "काय करता?" विचारलं आणि "इस्टेट एजंट" म्हटलं, की समोरचा एक तर "आमच्यासाठी बघा हो स्वस्तातलं काहीतरी" म्हणतो, नाहीतर हळूच स्वतःचं पाकीट चाचपतो. त्याची सवय झाली आहे. पण मागच्या महिन्यात जे झालं त्यावर तुमचं मत हवंय. शिव्याही चालतील.

नागपूरहून बदली होऊन आलेलं कुटुंब. नवरा-बायको, शाळेतली मुलगी, नवऱ्याची आई. तीन रविवार माझ्या गाडीतून फिरवलं, अकरा फ्लॅट दाखवले. आजींचे गुडघे दुखतात म्हणून लिफ्टला जनरेटर हवा, शाळेची बस गेटापाशी यायला हवी, स्वयंपाकघराला ड्राय बाल्कनी हवी. सगळं रास्तच. अकरावा पसंत पडला. मालक ३० हजार म्हणत होते, मी बोलून २८ वर आणले. डिपॉझिट १ लाख. "सोमवारी टोकन देतो" म्हणाले. सोमवारी फोन उचलला नाही. मंगळवारी मेसेज आला, "घरात जरा वेगळा विचार चाललाय."

पंधरा दिवसांनी दुसरी पार्टी घेऊन त्याच सोसायटीत गेलो, तर आजी खाली बाकावर! त्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर, २६ हजारांत. वॉचमनने जमवून दिलं, पाच हजार घेतले. आजींनी मला ओळखलं बिचाऱ्यांनी. "चहा घेऊन जा ना," म्हणाल्या. माझ्यासोबतची पार्टी बघत होती.

म्हणजे इथे टँकर लागत नाही, बी विंगला दुपारचं ऊन लागत नाही, पार्किंगवरून भांडणं नाहीत, ही माहिती माझी आणि पैसे वॉचमनचे. लोक म्हणतात एजंट नुसतं दार उघडण्याचे महिन्याचं भाडं मागतो. मग अकरा दारं उघडल्याचे किती?

भाड्याचा बैल

साहेब, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण पाव मिनिटच. नऊ वर्षांत सहा घरं बदलली आहेत, त्यातली पाच ब्रोकरकडून. त्यामुळे दुसरी बाजू माझ्याकडून ऐका.

तुम्ही फक्त त्या कुटुंबाचं सांगितलंत. मालकाकडून किती घेणार होता? पुण्यात सर्रास एक महिना इकडून, एक महिना तिकडून. म्हणजे एका घराचे ५६ हजार. अकरा महिने संपले की रिन्युअलला पुन्हा अर्धा महिना, त्यात तुम्ही काय करता? तारीख बदलता. घर तेच, माणसं तीच, नळ गळतोय तोही तोच.

आणि अ‍ॅग्रीमेंट. माझ्याकडून प्रत्येक वेळी पाच-सहा हजार घेतले गेले. एकदा डोकं लावून हिशेब मांडला. २८ हजारांप्रमाणे ११ महिन्यांचे ३ लाख ८ हजार. डिपॉझिट १ लाख असेल तर त्यावर दहा टक्के वार्षिक व्याज धरतात, ते ११ महिन्यांचे साधारण ९ हजार. एकूण ३ लाख १७ हजार. त्याच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, म्हणजे ८०० च्याही आत. शहरात नोंदणी फी १,०००. बाकीचं कुठं जातं ते मला कुणी सांगितलेलं नाही. लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन एक मुलगा येतो, चहा पिऊन वीस मिनिटांत जातो.

मुक्काम फ्रीमाँट

माझा फ्लॅट वारज्यात, मी कॅलिफोर्नियात. मालकांना कुणी विचारत नाही म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या इथे दुपार होती, तुमच्याकडे मध्यरात्र उलटलेली. भाडेकरू गावाला गेलेले, बाथरूमचा अँगल कॉक फुटला आणि पाणी खालच्यांच्या बेडरूमच्या छतातून गळायला लागलं. मी फोन कुणाला करणार? भाऊ नाशिकला, आई ८१ वर्षांची. आमच्या एजंटदादांकडे चावी होती. ते स्कूटरवर आले, मेन व्हॉल्व्ह बंद केला, खालच्या काकांची बोलणी खाल्ली, सकाळी प्लंबर आणला आणि मला व्हिडिओ पाठवला. प्लंबरचं बिल ६५० रुपये. त्यांनी तेवढेच मागितले. एक महिन्याचं भाडं मला त्या रात्री अजिबात जास्त वाटलं नाही.

भाड्याचा बैल

ताई, ते तुम्हाला जास्त वाटणारच नाही. ते तुमचे दादा आहेत. तुमचा भाडेकरू पण त्यांना एक महिना देतो, त्याच्यासाठी रात्री स्कूटर कोण काढतं? डिपॉझिटमधून "रंगकामाचे" १८ हजार कापले तेव्हा मी माझ्या ब्रोकरला फोन केला होता. म्हणाला, "ते तुम्ही आणि मालक बघून घ्या."

काळा कोट पांढरी कॉलर

वकिलीच्या सवयीने दोन गोष्टी सांगतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १८२ प्रमाणे एजंट म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा. आणि कलम २१९ सांगतं की वेगळा करार नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय मेहनताना देय होत नाही. चावीवाले, तुमचं ज्या फ्लॅटवर बोलणं झालं तो व्यवहार झाला नाही, आणि जो झाला तो तुम्ही दाखवलेला नव्हता. लेखी काही घेतलं होतं का? नसणारच. मग आजींचा चहा घ्यायचा आणि निघायचं.

जाता जाता बैलांना. अ‍ॅग्रीमेंटचं लफडं एजंटवर ढकलू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा केला म्हणून नोंदणीतून सूट मिळत नाही; मिळते, हा गैरसमज बाहेरच्या राज्यांतून आलेल्यांना हमखास असतो. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते चूक आहे हे मालकाने सिद्ध करायचं. खर्च कुणी करायचा ते आधी ठरवा.

चावीवाला

वकीलसाहेब, लेखी घ्यायला गेलो तर पहिल्याच भेटीत पार्टी पळते. "अजून घर बघितलं नाही आणि सही कसली?" आणि त्यांचंही बरोबर आहे.

बैलभाऊ, ५६ हजार माझ्या खिशात जातात असं वाटतं ना? निम्म्या वेळा पार्टी माझी, फ्लॅट दुसऱ्या एजंटचा. मग आपापल्या बाजूचे आपापले, किंवा फिफ्टी-फिफ्टी. महिन्याला पंचवीस-तीस व्हिजिट होतात, त्यातल्या दोन, फार तर तीन क्लोज होतात. गणपती ते दिवाळी कुणी घर हलवत नाही. मे-जूनमध्ये शाळांमुळे जी धावपळ असते त्यावर पावसाळा काढायचा. पोर्टलवाले जाहिरातीचे पैसे आधी घेतात, त्यांना कुणी विचारत नाही घर मिळालं का म्हणून.

अ‍ॅग्रीमेंटच्या पैशांचं मान्य. त्यात मार्जिन असतं, माझंही. दोघांच्या घरी जाऊन अंगठे घेणं, पोलिस व्हेरिफिकेशनचा फॉर्म, सोसायटीत कॉपी देणं हे धरूनही पाच हजार जास्तच आहेत.

सामान दोन बॅगा

ब्रोकरेज राहू द्या. मी एकटी राहते, ३४ वय, नोकरी बरी आहे. गेल्या वर्षी घर शोधताना फोनवर मला विचारलेले प्रश्न क्रमाने देते: फॅमिली का बॅचलर? नॉनव्हेज खाता का? आडनाव काय? भाडं किती देऊ शकता हा चौथा. आडनाव सांगितल्यावर दोन ठिकाणी "मालकांचा फोन लागत नाहीये" झालं. पुढचे दोन महिने लागलाच नाही.

चावीवाले, तुम्ही विचारता का आडनाव?

चावीवाला

विचारतो. खोटं कशाला बोलू. मालक मला आधीच सांगून ठेवतात. मी फोनवर विचारलं नाही तर तुम्ही ऑफिसमधून हाफ डे टाकून येणार, घर आवडणार, आणि मग मालकीणबाई दारात उभ्या राहून विचारणार. ते मी दोनदा पाहिलंय. एका मुलाला तर जिन्यात थांबवून परत पाठवलं. तेव्हापासून आधी विचारतो.

सामान दोन बॅगा

म्हणजे माझा हाफ डे वाचवता आणि मालकीणबाईंचा अवघड प्रसंग पण. दुसरं जास्त खरं वाटतं. त्यांना स्वतःच्या तोंडाने बोलायला लागलं असतं तर निदान थोडी लाज वाटली असती. आता ती लाज तुम्ही महिन्याच्या भाड्यात विकत घेता, आणि वर अर्धे पैसे माझ्याकडून.

डोंबिवलीकर काकू

माझे मिस्टर २६ वर्षं हाच धंदा करतात, फडके रोडवर टेबल होतं. ताईंचं दुखणं खरं आहे, पण एजंटने नाही विचारलं तर सोसायटीची कमिटी विचारते, तिने नाही विचारलं तर शेजारी. मिस्टरांनी एकदा मालकाला न सांगता एका मुस्लिम जोडप्याला घर दाखवलं, मालकाला माणसं आवडली, दिलं घर. दहा वर्षं राहिले. पण त्यानंतर त्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या कुणी मिस्टरांना चावी दिली नाही. पोटावर पाय येतो हो. आम्ही पण काही संत नाही, पुन्हा तसं केलं नाही.

म्युनिकचा पेठकर

जर्मनीत नियम सोपा आहे: ज्याने एजंटला बोलावलं त्याने पैसे द्यायचे. भाड्याच्या घरांसाठी १ जून २०१५ पासून. त्याआधी इथेही मालकाच्या एजंटचे पैसे भाडेकरू भरायचा, दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत. घर विकत घेताना डिसेंबर २०२० पासून साधारण निम्मे-निम्मे. आपल्याकडे का होऊ नये?

डोंबिवलीकर काकू

कारण आपल्याकडे मालक ते पैसे भाड्यात घालतील. अकराने भागायला कुणाला येत नाही?

म्युनिकचा पेठकर

काकू, घालू देत की. निदान आकडा आधी दिसेल. पण प्रामाणिकपणे सांगतो, इथे नियमाने सगळं गोड झालेलं नाही. बरेच मालक एजंट न लावता स्वतःच दाखवतात. मी एका घरासाठी जिन्यात साठ माणसांच्या रांगेत उभा होतो, हातात पगाराच्या स्लिपा घेऊन. त्या दिवशी मला कोथरूडच्या एजंटची गाडी फार आठवली.

काळा कोट पांढरी कॉलर

रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्प आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचा विषय कुणीतरी काढेलच म्हणून आधीच सांगतो. रेरा कायद्यात एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे. भाड्याचं काम करणाऱ्याला त्यात नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे भाड्याच्या ब्रोकरची महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार न्यायची सोय नाही.

चावीवाला

माझी नोंदणी आहे, नवीन प्रोजेक्टची कामं करतो म्हणून. २०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, ती पण दिली. चव्वेचाळिसाव्या वर्षी मुलगा दहावीचा आणि मी कार्पेट एरियाचा अभ्यास, एकाच टेबलावर. पास झालो. ते सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय, आजवर एकाही पार्टीने वाचलेलं नाही.

पेठकरसाहेब, मालकाकडूनच सगळे मिळणार असतील तर माझी काही हरकत नाही. पण मालक देत नाहीत. दहातले चार मालक मला सांगतात, "तुमचं तुम्ही भाडेकरूकडून घ्या, मी जास्तीत जास्त पंधरा दिवसांचं देईन." मग मी दोन्हीकडून घेतो म्हणून मी लोभी?

भाड्याचा बैल

लोभी म्हणत नाही. माझा एकच प्रश्न आहे, आणि तो मी तुमचा पहिला मजकूर तीनदा वाचून विचारतोय. तुम्ही लिहिलंत की ३० चे २८ केले. त्या कुटुंबाला तसंच सांगितलं असणार, "तुमच्यासाठी दोन हजार कमी करून घेतले." त्याच बिल्डिंगमधला फ्लॅट वॉचमनने २६ ला मिळवून दिला. तुमचे मालक खरं कितीवर आले असते, हे तुम्हाला माहीत होतं का?

चावीवाला

दोन्ही फ्लॅट सारखे नाहीत. वरच्याला मॉड्युलर किचन नाही, वॉर्डरोब एकच, आणि वरच्या मजल्याला उन्हाळ्यात तापतं. शिवाय मालकाचा मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स हे सगळं धरलं तर २८ अजिबात जास्त नव्हते. मार्केट रेट तुम्ही कुठेही विचारा.

भाड्याचा बैल

मार्केट रेट नाही विचारला.

मुक्काम फ्रीमाँट

बैलदादा, मालकाने एजंटला विश्वासाने सांगितलेला आकडा त्याने भाडेकरूला का सांगावा? मी माझ्या एजंटला सांगते की इतक्यापर्यंत चालेल पण सुरुवात वरून करा. त्याने तो फोडला तर मी दुसऱ्या दिवशी चावी परत मागेन.

भाड्याचा बैल

अगदी बरोबर, ताई. नकोच फोडायला. मग समोरच्याकडून महिन्याचं भाडं पण नको घ्यायला. चावीवाले, माहीत होतं का?

सामान दोन बॅगा

मला पण ऐकायचंय.

चावीवाला

माहीत होतं. व्हिजिटच्या आधीच मालक म्हणाले होते, चांगली फॅमिली असेल तर २६ ला देऊन टाका. मी नाही सांगितलं. त्या मालकांचं काम मी नऊ वर्षं करतोय, त्यांच्या भावाचा फ्लॅट पण माझ्याकडेच आहे. हे कुटुंब तीन रविवारांचं. फ्लॅट अजून रिकामा आहे.