चर्चा : संग्रहालयात हळदीकुंकू कशाला?

वखारीमागची
"संग्रहालय म्हणजे मंगल कार्यालय नव्हे" ही पोस्ट आपल्या निपाणीच्या ग्रुपवर फिरतेय. लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं : वाचनालयाच्या माडीवरच्या संग्रहालयात माणूस मोडी कागद, नाणी, हत्यारं बघायला जातो आणि तिथं संक्रांतीचं हळदीकुंकू, दिवाळीला किल्ल्यांची स्पर्धा, विडीवाल्या बायकांच्या गप्पा चाललेल्या असतात. "हे उपक्रम फोटोपुरते, यात इतिहास कुठाय?" गप्प बसणार होते, पण 'विडीवाल्या बायका' वाचून राहवलं नाही.

माझी आई जन्मभर विड्या वळत आली. वाचनालयाचा जिना ती पहिल्यांदा चढली ती त्या हळदीकुंकवाला. काचेच्या कपाटात पान कापायचा पत्र्याचा साचा ठेवलाय, खाली चिठ्ठी : "विडीचा साचा. लोखंडी." बास. आई म्हणाली, जरा बाहेर काढा की. मग सतरंजीवर मांडी घालून तिनं दाखवलं. रात्री फडक्यात भिजवून ठेवलेलं पान, त्यावर साचा दाबून कडेनं फिरवलेली कात्री, चिमटीनं सुपातली तंबाखू, वळून दोरा, आणि तोंड नखानं आत दुमडायचं. अंगठ्याचं नख तिनं मुद्दाम वाढवलेलं असायचं, ते का, हे आम्हां लेकरांनाही तेव्हाच कळलं. मग ती छाटावर आली. कारखान्यात मुकादम विड्या बाजूला काढायचा, "ह्या वाईट." मजुरी कापायची आणि त्याच विड्या ठेवून घ्यायच्या. हे ऐकून शेजारच्या चार बायका बोलायला लागल्या, दोघी कानडीत. हा इतिहास नव्हे तर काय?

1981 चं तंबाखू आंदोलन याच गावचं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आले, हमरस्त्यावर आंदोलननगर बसलं, 6 एप्रिलला गोळीबार झाला. त्याचं काय आहे त्या माडीवर? काही नाही. मोडी कागदाला मात्र दोन कुलपं.

जुना_कागद
पोस्ट माझीच. ताई, तुमच्या आईंबद्दल आदर आहे, पण मुद्दा वेगळीकडं नेऊ नका. मी बायकांच्या येण्याला हरकत घेतली नाही. त्या खोलीत निपाणकर सरदारांच्या काळातली कागदपत्रं आहेत. सिद्धोजीराव निपाणकरांच्या गावात तेवढंच हाती उरलंय. त्याच कपाटाला टेकून तबक, निरांजन, तेल, फुलं. वाळवी आणि कसर कशाला येतात? ओल आणि अन्न असेल तिथं. एकदा तर उपक्रमाच्या नावाखाली पोरांनी जुना तांब्याचा हंडा चिंचेनं लखलखीत करून ठेवला! वरचा जुना थर गेला, काठावरची नक्षी बोथट झाली. गेलेलं परत येत नाही. मोडी शिकायला बोलावलं तर तीन डोकी येतात आणि हळदीकुंकवाला जिना पुरत नाही, हे मला सलतं. सलू नये का?

खडूवाले_गुरुजी
किल्ल्यांवर का राग? दरवर्षी पोरं रायगड नाहीतर प्रतापगड करायची, चित्र बघून. गेल्या दिवाळीला संग्रहालयानं अट घातली, किल्ला आपल्या जिल्ह्यातलाच पाहिजे. मग आमची सातवीची पोरं वल्लभगडावर गेली, दोरी धरून बुरूज मोजले, वहीत मांडले. एका गटानं येळ्ळूरचा राजहंसगड केला. यातलं एक पोरगं आता मोडीच्या वर्गाला बसतंय. तुमच्या तीन डोक्यांतलं एक तेच, काका.

आणि कपाटात 1925 सालाचं काही नाही, हे कुणी बोलतच नाही. एप्रिल 1925 मध्ये निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते. गावातल्या कितीतरी घरांत त्याच्या आठवणी सांगितल्या जातात. त्या घरांत जाऊन बसायला नको? निपाणकर सरदार तेवढे इतिहास आणि आम्ही उपक्रम?

सीमाभागी
पाट्या मराठीत मोठ्या कधी होणार ते आधी बोला. 1956 ला निपाणी म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेली, तेव्हापासून...

वखारीमागची
भाऊ, तो धागा वेगळा काढा, मी पहिली सही करीन. इथं नको.

बोरगावचा_धाकटा
सगळे छान बोलताय. माझ्या आज्याची तलवार कुठाय?

संग्रहालय सुरू झालं तेव्हा गाडी घेऊन घरी आले. "गावासाठी द्या, नाव लागेल." वडिलांनी दिली. कागद ना पत्र. वडील वारले. मी बघायला गेलो तर भिंतीवर चार तलवारी, नाव कुणाचंच नाही. विचारलं तर "यातलीच एक असेल." असेल म्हणजे काय? आमच्या तलवारीच्या मुठीला आजीनं लाल सुती दोरा गुंडाळलेला होता. चारींतल्या एकीलाही दोरा नाही.

पितळी_समई
अगदी! माझ्या मावशीनं जात्यावरच्या ओव्यांची वही दिली होती. झेरॉक्स काढून परत देतो म्हणाले. मावशी अजून विचारते.

अकोळची_सून
आमच्या सासऱ्यांनी तंबाखूच्या वखारीतला मोठा तराजू दिला. तो कार्यक्रमात शोभेला उभा असतो, आता दांडी वाकलीय.

माडीवरचा_सेवक
मी तिथं रविवारी फुकट बसतो. पंखासुद्धा मी घरचा आणलाय. चोर म्हणायचं असेल तर तोंडावर येऊन म्हणा.

बोरगावचा_धाकटा
चोर कोण म्हणालं? पावती मागितली तर चोर म्हटल्यासारखं होतं का? मिरच्या विकताना पण चिठ्ठी देता की तुम्ही.

माडीवरचा_सेवक
मग पावत्या लिहायला या. एक दिवस या. भाषणं ग्रुपवर सगळ्यांनाच येतात.

जुना_कागद
बघा, माझाच मुद्दा आला की नाही. नोंदवही नसेल तर ते संग्रहालय नव्हे, माळा आहे. वस्तू आली की त्याच दिवशी वहीत क्रमांक, कुणाकडून आली, दान की उसनी, लांबी-रुंदी, खुणा, फोटो. तोच क्रमांक वस्तूवर, पुसता येईल असा. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, आणि महत्त्वाचं हस्तलिखित असेल तर 75 वर्षांतच. ती उद्या कुणी बाहेर विकली तर आपली होती हे दाखवणार कशावरून? हे काम निवांतपणे, दार लावून करावं लागतं. रोज कार्यक्रम असतील तर करणार कधी?

वखारीमागची
दार लावूनच इतकी वर्षं चाललं होतं की. तेव्हा झाली का नोंदवही? लोक यायला लागल्यावर लोकांनी विचारलं, म्हणून आज तलवारीचा विषय निघाला. बोरगावच्या भावांची आजी दोरा का गुंडाळत होती, ते कुठल्या रकान्यात लिहिणार? ते सांगायला माणूसच जिना चढून यावा लागतो. साचा आईनं काढून दाखवला नसता तर तुमच्या वहीत "लोखंडी" एवढंच गेलं असतं.

जुना_कागद
लोखंडी नाही, पत्र्याचा. ते बरोबर सांगितलंत. ठीक आहे, बायकांचं बोलणं रेकॉर्ड करा, नाव-गाव-वय घालून वहीला जोडा, माझी हरकत नाही. हरकत तबकाला आहे. तबक, निरांजन, खाणं खालच्या पडवीत. वर कुणी हातात काही घेऊन येणार नाही. आणि तांब्या-पितळेला चिंच लावलेली मला दिसली तर मी पुन्हा लिहीन, यापेक्षा वाईट लिहीन.

वखारीमागची
तबक खाली, मान्य. पण गप्पा वर, कपाटापुढंच होणार. साचा तिथं आहे.

खडूवाले_गुरुजी
मोठ्या अक्षरात वही भरायला माझी आठवीची पोरं देतो. 1925 साठी मात्र वेगळं कपाट हवं. ते मिळेपर्यंत मी हा धागा सोडणार नाही.

माडीवरचा_सेवक
पोरं पाठवा, पण एका वेळी चारच. तलवारवाले भाऊ, मागच्या खोलीत पेटीत अजून हत्यारं आहेत, गंज चढलाय म्हणून लावली नाहीत. एकीच्या मुठीला काहीतरी गुंडाळलेलं आहे. रंग मला आठवत नाही. रविवारी या, घरातला जुना फोटो असेल तर घेऊन या.

बोरगावचा_धाकटा
दसऱ्याचा फोटो आहे, वडिलांच्या हातात तलवार. येतो. पावतीपुस्तक मीच छापून आणतो, पहिली पावती माझी फाडा.