‘मूठमाती दिली’ याचा जुन्या पत्रातला अर्थ काय?

पणजोबांची पत्रं मी वहीत उतरवून घेतेय. श्रावण शके 1853, म्हणजे 1931 च्या पत्रात ओळ आहे : ‘चिरंजीवास आज सकाळी ओढ्याकाठच्या आंब्याखाली मूठमाती दिली.’ मला हा शब्द फक्त ‘अनिष्ट रूढींना मूठमाती’ असाच माहीत. म्हणजे कायमचं सोडून देणं. तान्ह्या बाळाला ओढ्यावर सोडून दिलं की काय, या विचाराने रात्रभर डोळा लागला नाही. कुणी नीट सांगेल का?

जुनी पोथी : ताई, सोडून नाही दिलं, पुरलं. खड्ड्यात निजवल्यावर जमलेल्या प्रत्येकाने मूठभर माती टाकायची, ती मूठमाती. तान्ह्या मुलांना दहन देत नाहीत, पुरतात. ही रीत आपल्याकडे फार जुनी. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तिथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची बाळं घराच्या जमिनीखालीच सापडली. तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन मडक्यांत.

आणि क्रियापद बघा. संन्याशाला समाधी ‘देतात’, आपल्या माणसाला मूठमाती ‘देतात’. मेलेलं जनावर ‘पुरतात’. वैऱ्याला ‘गाडतात’. पणजोबांनी ‘पुरले’ लिहिलं नाही. देण्यात माया आहे. रूढींचा अर्थ याच्यावरूनच पुढे आला : पुरून टाकलं, आता परत वर यायचं नाही.

कृष्णाकाठ : आमच्याकडे ‘माती’ अजून रोजच्या बोलण्यात आहे. ‘माती किती वाजता?’, ‘मातीला जाऊन आलो.’ दहन असलं तरी मातीच म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी राख सावडतात त्यालाही ‘माती सावडणे’. लिंगायतांत तर मोठ्या माणसांनाही पुरतात, तिथे शब्द शब्दशः खरा.

मूळ प्रश्नकर्ती : दोघांचे मनापासून आभार. पुढची ओळ मी नुसती उतरवून घेतली होती, ती आत्ता कळली : ‘पाऊस फार, आम्ही चौघेच होतो. सौभाग्यवतीची मूठ मीच टाकली.’ पणजीला घराबाहेर पडू दिलं नसणार. तिच्या वाटची माती पणजोबांनी वेगळी टाकली. वंशावळीत या बाळाची जागाच नव्हती, आजोबांच्या वर आज केली. नाव ठेवलेलं नव्हतं, म्हणून ‘चिरंजीव’ एवढंच लिहिलंय.