‘वॉश’ला मराठी शब्द: मारायचा, द्यायचा की सोडायचा?

प्रश्न
युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धातल्या (१६१८-१६४८) सेनानींच्या २८ मिमी मापाच्या छोट्या मूर्ती रंगवण्याची कृती मराठीत लिहायची आहे. ‘मिनिएचर’ला लघुचित्र म्हटलं तर दख्खनी शैलीतली कागदावरची चित्रं डोळ्यांपुढे येतात. ‘वॉश’ला काय म्हणावं? ‘प्रायमर’, ‘ड्राय ब्रश’ आणि ‘हायलाइट’ यांचं काय?

प्रतिसाद १
‘मिनिएचर’ला आपल्याकडे शब्द आहे. दिवाळीत किल्ल्यावर मांडतो त्यांना पुण्याकडे ‘चित्रं’च म्हणतात, म्हणजे चित्र कागदावरचंच असतं असं नाही. लेखात एकदा ‘किल्ल्यावरच्या चित्रांसारख्या धातूच्या मूर्ती’ असं सांगा आणि पुढे सरळ ‘मूर्ती’ लिहा.

प्रायमर म्हणजे अस्तर, रंगाआधीचा पहिला थर. फवाऱ्याचा डबा २०-३० सेंमीवर धरून हात सतत फिरता ठेवायचा आणि दोन-तीन पातळ फवारे मारायचे. डबा फार लांब धरला तर रंग हवेतच सुकतो आणि मूर्तीवर रवाळ बसतो. जवळ धरला तर ओघळ येतात आणि चेहऱ्याची कोरीव नक्षी बुजते. कोकणातल्या पावसाळी हवेत फवारा न मारता कुंचल्याने लावायचं अस्तर वापरावं. त्याआधी साच्याची जोडरेषा कानसून काढा आणि भेगांत लांबी (पुट्टी) भरा. जोडरेषा राहिली तर पुढे कोरडा कुंचला फिरवताना नेमकी तीच उठून दिसते.

प्रतिसाद २
‘वॉश’बाबत माझं मत ठाम आहे: नाम तेच ठेवा, क्रियापद बदला. जलरंगात वॉश म्हणजे कागदावर सपाट पसरवलेला पातळ रंग. मूर्तीवर तो पसरायला नको असतो, तो खाचांत उतरायला हवा असतो. म्हणून वॉश ‘मारला’ असं लिहिलं की वाचणारा भिंतीसारखा हात मारतो आणि सगळी मूर्ती मळकट करून ठेवतो. वॉश ‘सोडावा’. कुंचल्याचं टोक घडीच्या वरच्या बाजूला टेकवायचं, रंग आपोआप खाली उतरतो.

घरी करायचा तर रंग १ भाग, मॅट मीडियम (रंगात मिसळायचं बिनचकाकीचं माध्यम) २ भाग आणि पाणी ३ भाग. नुसतं पाणी घातलं तर सुकताना रंगकण कडेला ओढले जातात आणि चहाच्या कपाखाली उमटतं तसं वलय पडतं. जास्तीचा रंग साचला तर ओलसर, स्वच्छ कुंचल्याने लगेच टिपून घ्या. एक-दोन मिनिटांनी, अर्धवट सुकल्यावर, हात लावलात तर साय फाटल्यासारखे डाग राहतात. पुढच्या थराआधी किमान अर्धा तास थांबा, दमट हवेत त्याहून जास्त.

प्रतिसाद ३
क्रियापदांचं पटलं. तीच ओळ पुढे न्यायची तर कोरडा कुंचला ‘फिरवावा’, हायलाइट म्हणजे उठाव, तो ‘द्यावा’ आणि डोळे ‘आखावेत’. गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांच्या कामाला आखणी म्हणतात, तो शब्द इथे चपखल बसतो. आधी गडद तपकिरी रेघ, तिच्यात मळकट पांढरा आणि मग बुबुळाचा उभा ठिपका. ठिपका दोन्ही पापण्यांना टेकला पाहिजे. मधेच तरंगता राहिला तर सेनापती डोळे वटारून बघतो.

कोरडा कुंचला कागदावर जवळजवळ सगळा रंग पुसून मगच फिरवायचा. पिसं, आयाळ आणि जाळीदार कॉलरपुरताच. चेहऱ्यावर आणि कापडावर तो पिठूळ दिसतो.

प्रश्नकर्ता
आणि ‘बफ कोट’? ‘सॅश’?

प्रतिसाद २
बफ कोटला ‘चिलखत’ लिहू नका. तो जाड कातड्याचा अंगरखा. स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फच्या बाबतीत तर हा भेद फार महत्त्वाचा आहे. १६२७ साली डिर्शाऊच्या लढाईत लागलेल्या गोळीच्या जखमेमुळे त्याला चिलखत सोसत नसे. १६३२ च्या नोव्हेंबरात ल्युत्सेनच्या लढाईत तो पडला तेव्हाही अंगात एल्कच्या कातड्याचा अंगरखाच होता, आणि तो आज स्टॉकहोमला जपून ठेवला आहे. त्याला पोलादी रंगवणं चूक. पिवळसर गेरूचा हात द्या, तपकिरी वॉश सोडा, मग मूळ रंगात हाडासारखा पांढरा मिसळून शिवणींवर आणि कडांवर उठाव द्या.

चिलखत शोभतं ते सम्राटाच्या बाजूचा घोडदळ सेनानी पापेनहाइमला. त्या काळची बरीच चिलखतं गंज धरू नये म्हणून काळी केलेली असत. तेव्हा करडा-काळा रंग द्या आणि पोलादी रंगाची रेघ फक्त धारेवर ओढा.

प्रतिसाद १
सॅश खांद्यावरून तिरपी असेल तर शेला, कमरेला असेल तर कमरबंद. सर्वांना एकसारखा गणवेश नसल्याने पक्ष ओळखायची ती मोठी खूण होती. पवित्र रोमन सम्राटाच्या बाजूला लाल. लालाला उठाव देताना पांढरा मिसळू नका, गुलाबी होतो. नारिंगी मिसळा. खाचांत काळ्याऐवजी गडद तपकिरी सोडा.

प्रतिसाद ३
‘व्हार्निश’ला रोगण. आधी चकचकीत, ते पुरतं सुकल्यावर मॅट. पोलादावर मात्र मॅट नको, धातू शिशासारखा मरतो. दमट दिवशी फवारलं की पांढरी धूसर साय धरते.