१६० टीबीचा ॲरे, हातात १३८च. बाकीचे कुठे गेले?

रंकाळा_नोड
कोल्हापुरात राजारामपुरीतल्या व्हिडिओ एडिटिंग स्टुडिओसाठी सर्व्हर लावतोय. १६ टीबीच्या १२ डिस्क, त्यांना जोडून एकच ॲरे करणारं बॅटरीवालं रेड (RAID) कार्ड, रेड ६ (दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे डिस्क गेली तर डेटा परत काढायच्या हिशोबाला), स्ट्रिप (डेटाचे तुकडे करायचं माप) २५६ केबी, डेबियन १२ लिनक्स. आख्ख्या व्हॉल्यूमवर कुठलाही पर्याय न देता ईएक्सटी४ फाइल सिस्टीम केली. १० डिस्कचे १६० टीबी यायला हवेत, पण जागा दाखवणारी कमांड 'डीएफ -एच' साइझ १४५ आणि अव्हेलेबल १३८ दाखवतं. शिवाय कालपासून कुणी काम करत नसताना बाराही दिवे लुकलुकतायत. फाइली १० ते १०० जीबीच्या. डेटा अजून टाकलेला नाही. अशीच ठेवू की मोडून करू?

पंचगंगा_रूट
१४५ चा हिशोब बरोबर आहे. डिस्कवाल्यांचा टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्यं, डीएफ मात्र १०२४ च्या पटीत मोजतं. १६० भागिले १.०९९५ म्हणजे १४५.५.

त्याखालचे सात गेले ईएक्सटी४ च्या ५ टक्के राखीव जागेत. ही जागा रूटसाठी, म्हणजे ॲडमिन खात्यासाठी असते. २० जीबीच्या सिस्टीम डिस्कला ठीक, इथे डिस्कवाल्यांच्या मोजणीने ८ टीबी कुलपात बसले. 'ट्यून२एफएस -एम ०' दिलं की सुटतात, अनमाउंटही करावं लागत नाही.

खरी उधळपट्टी आयनोडची, म्हणजे प्रत्येक फाइलच्या नोंदीसाठी धरलेल्या जागेची. १६ टीबीच्या वर प्रत्येक ६४ केबीला एक आयनोड धरला जातो. तुमच्याकडे सुमारे २४४ कोटी झाले, प्रत्येकी २५६ बाइट, म्हणजे नुसत्या टेबलांना ६२५ जीबी. एमकेएफएस (फाइल सिस्टीम बनवणारी कमांड) मिनिटात संपतं कारण ती टेबलं नंतर मागच्या मागे पुसली जातात. दिवे त्यानेच लुकलुकत असणार. आयओटॉपमध्ये (डिस्क कोण वापरतंय ते दाखवतं) 'ईएक्सटी४लेझीइनिट' दिसतंय का बघा. दिसत नसेल तर कार्डाचं स्वतःचं इनिशियलायझेशन चालू असेल, ते संपू द्या.

आयनोडचं प्रमाण नंतर बदलत नाही. ईएक्सटी४च हवी असेल तर '-टी लार्जफाइल४' (टी कॅपिटल) देऊन पुन्हा करा, टेबलं १० जीबीत आटोपतील. पण ईएक्सटी४ ची एक फाइल १६ टीबीच्या पुढे जात नाही. मी एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम करेन.

स्ट्राइप_मास्तर
एक्सएफएसला सहमत. हार्डवेअर कार्ड आपली रचना कर्नलला नेहमी नीट सांगत नाही, म्हणून हाताने द्या: एसयू=२५६के (एका डिस्कवरचा तुकडा, म्हणजे स्ट्रिप), एसडब्ल्यू=१० (डेटाच्या डिस्क). इथे १२ लिहिणारे बरेच भेटतात. पॅरिटीच्या दोन डिस्क मोजायच्या नाहीत. आधीची ईएक्सटी४ आहे, त्यामुळे '-एफ' (जुनं पुसून कर) लागेल. नंतर एक्सएफएस_इन्फोमध्ये एसयुनिट ६४ आणि एसविड्थ ६४० ब्लॉक दिसले पाहिजेत.

हे चुकलं तर अर्धवट स्ट्राइपचं (दहा डिस्कवरच्या स्ट्रिप मिळून एक स्ट्राइप) लिखाण वाढतं. रेड ६ मध्ये छोट्या लिखाणाला जुना डेटा आणि दोन्ही पॅरिटी वाचून तिन्ही परत लिहाव्या लागतात, एकाचे सहा फेरे.

पार्टिशन नकोच. करायचंच असेल तर जीपीटी पद्धतीचं, कारण ५१२ बाइटच्या सेक्टरवर जुनी एमबीआर पद्धत २ टीबीआयलाच (१०२४ च्या पटीतले टीबी) थांबते. सुरुवात ५१२० व्या सेक्टरवर ठेवा. नेहमीची १ एमबीआयची सुरुवात २५६० केबीच्या स्ट्राइपवर बसत नाही.

एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना काय माउंट करायचं त्याची यादी) यूयूआयडी (फाइल सिस्टीमचा ओळख क्रमांक) आणि 'नोफेल' लिहा. नाहीतर कार्ड रुसलं की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकून बसतं.

तांबडा_पांढरा
भावा, एक्सएफएस लहान करता येत न्हाई, तेवढं ध्यानात ठेव. आन रिपेअरला रॅम लागते. किती लागेल ते अनमाउंट करून 'एक्सएफएस_रिपेअर -एन -व्हीव्ही -एम १' दिलं की तेच सांगतंय. लाइट गेल्यावर गडबड झाली तर आधी माउंट करायचं, म्हणजे लॉग (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) पुरा होतोय, मग अनमाउंट करून रिपेअर. थेट '-एल' (एल कॅपिटल) मारायचा नाद न्हाई करायचा, लॉगमधलं सगळं जातंय.

डिस्कची स्वतःची राइट कॅश (लिहायचा डेटा थोडा वेळ धरणारी मेमरी) बंद ठेव, कार्डाची बॅटरी तिला वाचवत न्हाई. एक डिस्क गेली की २०० एमबी प्रति सेकंद धरलं तरी नव्या डिस्कवर रिबिल्डला २२ तास, काम चालू असलं तर कितीतरी जास्त. म्हणून एक कोरी डिस्क कपाटात पायजेच.

रेड म्हणजे बॅकअप न्हवं. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत, आन शाहूपुरीत तळमजल्यावर तर मुळीच न्हाई. २०१९ चा पूर बघितलाय न्हवं?

रंकाळा_नोड
आयओटॉपमध्ये लेझीइनिटच होतं. एक शंका: कार्डाच्या मेनूत 'स्ट्रिप' २५६ आहे. हे एका डिस्कचं की सगळ्यांचं?

स्ट्राइप_मास्तर
स्ट्रिप असेल तर एका डिस्कचं, वर दिलेले आकडे तसेच वापरा. काही कार्डं 'स्ट्राइप' लिहूनही एकाच डिस्कचा आकडा दाखवतात, म्हणून त्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून खात्री करा आणि मगच एमकेएफएस चालवा.