राजीनामा द्या म्हणायलेत, द्यावा काय?

खानापूरवाला:
धाकटा भाऊ बेंगळुरात मॅन्युअल टेस्टर (सॉफ्टवेअर हातानं वापरून चुका शोधणारा) आहे. १४ महिने झाले, पगार २५,०००. एआय टूल आलं म्हणून टीम कमी करायलेत. एचआर म्हणते, शुक्रवारपर्यंत स्वतःहून राजीनामा दे, अनुभवपत्र चांगलं देऊ. घरचे म्हणायलेत देऊन मोकळा हो. काय करावं?

टिळकवाडीकर:
सही करू देऊ नका. राजीनामा दिला की कागदावर ती नोकरकपात राहत नाही आणि भरपाई बुडते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू असलेल्या औद्योगिक संबंध संहिता या कामगार कायद्याप्रमाणे महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार, शिवाय पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्याला नवं काम शिकता यावं म्हणून मालकानं भरायचा निधी) आणखी १५ दिवसांचा, हा कपातीपासून ४५ दिवसांत खात्यावर. त्याच्या पगारावर नोटिशीचा पगार धरून साधारण ५०,००० होतात. एचआरला एवढीच मेल पाठवा: 'मी राजीनामा देत नाही. कपात असल्यास लेखी पत्र द्यावे.'

शहापूरकर:
मेल आजच पाठवा, कंपनीनं लॅपटॉप बंद केला की सगळंच बंद. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा पोर्टलवरून उतरवून घ्या. पण कोड किंवा क्लायंटचे स्क्रीनशॉट अजिबात नकोत; गैरवर्तन म्हणून काढलं तर भरपाई मिळत नाही. तक्रार बेंगळुरातल्या कामगार अधिकाऱ्याकडे करायची, कारण काम तिथलं. ४५ दिवसांत तडजोड झाली नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं.

उद्यमबाग:
पुढच्या नोकरीचंही बघा. नुसत्या टेस्ट केस (काय काय तपासायचं त्याच्या पायऱ्या) लिहिणं, हे काम टूल आधी खातं. एसक्यूएलचे जॉइन (डेटाबेसमधले तक्ते जोडून माहिती काढणं), पोस्टमन या टूलवर एपीआय टेस्ट (दोन सॉफ्टवेअरमधली देवाणघेवाण तपासणं) आणि प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवून तपासणाऱ्या टूलमधला एक छोटा प्रोजेक्ट गिटहबवर (कोड ठेवायची साइट), एवढं आधी पक्कं करू दे. एआयनं लिहिलेली टेस्ट पुष्कळदा कोड जे करतो तेच बरोबर धरते, म्हणून कायम पास होते. कोडमध्ये मुद्दाम चूक घालायची, >= च्या जागी > करायचं, आणि टेस्ट नापास होते का बघायचं. मुलाखतीत हे करून दाखवणारा पोरगा वेगळा उठून दिसतो.

खानापूरवाला:
लेटरवर 'ट्रेनी' लिहिलंय ओ. मग?

टिळकवाडीकर:
तेवढ्यानं हक्क जात नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली करार असेल तरच तो कामगारात धरत नाहीत. लेटरमध्ये त्या कायद्याचा उल्लेख आहे का आणि स्लिपवर पीएफ कापलाय का, दोन्ही बघून इथं सांगा.